दंडावरचं गेज

डॉक्टरांनी साखर मोजणारा सेन्सर लावून बघू म्हटलं, तेव्हा सुईपेक्षा मला आकड्यांची धास्ती जास्त होती. भोसरी एमआयडीसीत क्वालिटीचं काम करतो. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला मायक्रोमीटर हातात धरायचा नाही, हे आता अंगवळणी पडलंय. आणि इथे ३५ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चकती (व्हर्नियर लावून बघितली, सवय जात नाही) दंडाला चिकटवायची आणि १४ दिवस ती सांगेल ते खरं मानायचं. स्टिकर नाही, सर्टिफिकेट नाही. कॅलिब्रेशन म्हणे कारखान्यातच झालेलं असतं.

सेन्सरची गरज का पडली, तर आमच्या शिफ्ट. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. सेकंड शिफ्ट सुटून कंपनीची बस मॅगझीन चौकात सोडते, तिथून घरी येऊन ताटावर बसेपर्यंत बारा वाजतात. गोळी मात्र चिठ्ठीवर ‘रात्रीच्या जेवणाआधी’. एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून बघावी, तर ती सांगते साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. सरासरीचं दुखणं आम्हाला चांगलं ठाऊक आहे : एक पिन जाड आली, एक बारीक आली, दोन्ही रिजेक्ट आणि सरासरी अगदी ड्रॉइंगप्रमाणे.

लावायच्या आधी जो तो काहीतरी विचारत होता. बायकोला काळजी आंघोळीची. त्यावर उत्तर होतं : एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतो, म्हणजे बादलीतांब्याला कसली भीती. लाइनवरच्या पोरांना वाटत होतं, सुई पंधरा दिवस आतच राहते. एका शेजाऱ्यांनी वेगळंच काढलं, ‘‘तुम्ही एवढे सडपातळ, तुम्हाला कशी शुगर?’’ याचं उत्तर पुण्यातच सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात, आतून तशी नसतात. शेजाऱ्यांना हे पटलं असं वाटलं नाही.

लावण्याची क्रिया बघण्यासारखी आहे. दंडाच्या मागचा मऊ भाग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली की चिकटपट्टी धरत नाही. सेन्सर बसवणाऱ्या ॲप्लिकेटरवरची खूण डब्यावरच्या खुणेशी जुळवायची, दाबायचं, उचलायचं. सिस्टरनं ते दंडावर टेकवलं, मी श्वास रोखला, ‘खट्’ असा आवाज आला, आणि झालंसुद्धा. ज्या सुईला घाबरायचं ती ॲप्लिकेटरबरोबर परत निघून येते. कातडीखाली उरते ती सुमारे पाच मिलिमीटर लांबीची, केसापेक्षा जाड, लवचिक तार. रोज बोटाच्या टोकाला टोचून घेणाऱ्याला हे काहीच नाही. बोटाच्या टोकाला मज्जातंतूंची गर्दी असते, दंडाच्या मागे ती कमी.

त्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा थर असतो. ग्लुकोज त्याच्याशी भिडलं की बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त. हे एन्झाइम वापरायची कल्पना अमेरिकेतल्या लिलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. खरी मेख पुढे आहे. तार रक्तात नसतेच, ती असते पेशींच्या मधल्या द्रवात. रक्तातली साखर तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यामुळे जेवणानंतर साखर झपाट्यानं चढत असताना बोटाचा आकडा आणि दंडाचा आकडा जुळणारच नाही, आणि त्यात दोघांचंही खोटं नसतं. पहिला तासभर तर सेन्सर आकडाच देत नाही, आणि पहिल्या दिवशी जरा भरकटतो.

मी अर्थातच ग्लुकोमीटर शेजारी ठेवून ताडून बघत बसलो. सेन्सर १६२, बोट १४८. बायको म्हणाली, ‘‘आता यातलं खरं कुठलं?’’ तेव्हा ग्लुकोमीटरचाच टॉलरन्स शोधला. आयएसओच्या २०१३ च्या मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्याला अधिक-उणे १५ टक्के चालतात, तेही शंभरातल्या ९५ वेळा. एवढी सूट मी पुरवठादाराला दिली तर मॅनेजर मला गेटबाहेर काढेल! पण ज्याला मास्टर गेज समजत होतो तेच एवढं सैल म्हटल्यावर एकेका आकड्याशी भांडणं मी सोडून दिलं. आकड्याशेजारी साखरेची दिशा दाखवणारा बाण असतो. १५० आणि बाण आडवा, हे वेगळं. १५० आणि बाण सरळ खाली, हे फार वेगळं.

एका सकाळी आलेखात रात्री दोनच्या सुमाराला खड्डा दिसला, साठच्याही खाली. घरात घबराट. माझ्या गोळ्यांनी साखर उतरू शकते, त्यामुळे भीती अनाठायी नव्हती. पण ना घाम, ना थरथर, झोप गाढ. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘‘कुठल्या कुशीवर झोपता?’’ मग मुद्दाम त्याच दंडावर भार देऊन पडून राहिलो. थोड्या वेळानं फोननं स्कॅन केलं : ६६. लगेच बोटाला टोचलं : १०९. कूस बदलली आणि अर्ध्या तासात सेन्सर पुन्हा शंभरावर आला. दाबाखाली तिथला द्रव नीट खेळत नाही, म्हणून आकडा खोटा पडतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटाला टोचून बघायचंच. आणि खरोखर सत्तरच्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, शहानिशा त्यानंतर.

कारखान्यातली अडचण निराळीच निघाली. शॉपफ्लोअरवर फोन न्यायला बंदी, तो लॉकरमध्ये. माझा सेन्सर साधा, स्कॅन करायचा, आणि त्याची साठवण आठ तासांची. शिफ्ट साडेआठ तासांची, वर बसचा वेळ. म्हणजे घरी येऊन स्कॅन केलं तर सुरुवातीचा तुकडा पुसलेला! जेवणाच्या सुट्टीत लॉकरकडे एक चक्कर मारायची, की काम भागतं. घामानं कड सुटायला लागली तेव्हा वरून कागदी चिकटपट्टी लावली. शर्ट काढताना बाही सावकाश, हे मात्र दरवेळी आठवावं लागतं.

आमचं दिघी आळंदीच्या वाटेवरचं गाव, एकादशी घरोघरी. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दीड तासात आकडा अडीचशेच्या आसपास. उपवासाला हलकं म्हणून खातो ते जवळजवळ निव्वळ स्टार्च असतं. ज्वारीची भाकरी साधू आहे असंही निघालं नाही : एक खाल्ली तर ठीक, तिसरीला आलेख पोळीसारखाच चढला. त्या दिवशी घरात थोडा वाद झाला, कारण भाकरी हा आमच्याकडे श्रद्धेचा विषय आहे.

शेवटी सेन्सर काढताना कडेला खोबरेल तेल लावलं, चिकटपट्टी सुटली. आत लाल ठिपका, बस. डॉक्टरांनी अहवालात आधी एकच गोष्ट बघितली : ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ गेला. बहुतेकांसाठी ७० टक्क्यांहून जास्त हवा. माझा फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात भरला, सेकंडच्या आठवड्यात नाही. रात्री बाराचं जेवण पहाटेपर्यंत उतरत नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यापुरती गोळीची वेळ बदलली आणि मुख्य जेवण संध्याकाळच्या सुट्टीतच उरकायला सांगितलं, रात्री घरी आल्यावर ताक नाहीतर वाटीभर वरण.

एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो, दर पंधरवड्याला परवडणारा नाही. पुढचा लावीन तो सेकंड आणि थर्ड शिफ्टचे आठवडे धरून. थर्डमध्ये काय होतं ते अजून कुणीच मोजलेलं नाही.