महाधमनीच्या कमानीतील जन्मजात वेगळेपण आणि अपघाती इजेवरील उपचार

प्रस्तावना :
भरधाव वाहन आदळून अकस्मात थांबते, तेव्हा छातीतील महाधमनीवर विलक्षण ताण येतो. बहुधा ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीच्या उगमालगत, किंचित पुढे फाटते. पार्म्ले व सहकाऱ्यांच्या १९५८ मधील अभ्यासात अशा रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावल्याचे आढळले. जे पोहोचतात, त्यांच्यासाठी आज छाती न उघडता जांघेतील धमनीवाटे आवरणयुक्त स्टेंट बसविण्यास प्राधान्य दिले जाते. १९८७ साली खारकिव्ह येथे निकोलाय व्होलोडोस यांनी अपघातजन्य इजेवर हा मार्ग अवलंबिला होता.

रचनेतील वेगळेपण :
महाधमनीच्या कमानीतून सामान्यतः तीन शाखा निघतात. शंभरात साधारण एका व्यक्तीत मात्र उजवी सबक्लेव्हियन धमनी चौथी शाखा म्हणून, डावीच्याही पलीकडून निघते व बहुधा अन्ननलिकेमागून उजवीकडे जाते. अनेकांना याची जन्मभर जाणीवही नसते. तिच्या उगमाशी कधी जन्मजात फुगवटा असतो. कॉमेरेल यांनी १९३६ मध्ये वर्णिलेला हा फुगवटा सी. टी. स्कॅनमध्ये जखमेसारखा भासू शकतो आणि निरोगी जागी स्टेंट बसण्याचा धोका उद्भवतो.

उपचारातील पेच :
स्टेंट घट्ट बसण्यासाठी जखमेअलीकडे सुमारे २ सें.मी. निरोगी भिंत लागते. एरवी त्यासाठी डावी सबक्लेव्हियन झाकली तरी उजव्या बाजूची व्हर्टिब्रल धमनी मेंदूच्या मागील भागाचा भार बहुधा पेलते. येथे दोन्ही सबक्लेव्हियन झाकल्या जाण्याची शक्यता असल्याने तो आधारच नाहीसा होतो. मज्जारज्जूचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो. म्हणून कॅरोटिड धमनीपासून सबक्लेव्हियनपर्यंत एका किंवा दोन्ही बाजूंना जोडवाहिनी आधी घालणे श्रेयस्कर. रक्तस्राव सुरू असेल तर मात्र स्टेंट आधी, जोडवाहिनी नंतर. तेथे शास्त्रशुद्ध क्रमाचा आग्रह जिवावर बेतेल. जखम स्थिर असल्यास बीटा ब्लॉकरने रक्तदाब आटोक्यात ठेवून मिळणारा अवधी दोन्ही व्हर्टिब्रल धमन्यांच्या तपासणीस द्यावा. झाकलेल्या उजव्या धमनीचे मूळही बुजवावे लागते. अन्यथा तिच्यातून उलट वाहणारे रक्त जखमेपर्यंत पोहोचते.

भूलतज्ज्ञांसाठीही एक बाब महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेत रक्तदाब सहसा उजव्या मनगटातून मोजला जातो. अशा रुग्णात स्टेंट उघडताच तेथील आकडा कोसळू शकतो, प्रत्यक्षात महाधमनीतील दाब उत्तम असूनही.