कॅनरीला त्वचा असते काय?

पक्षिजातीचे गुण प्रत्येक पक्ष्याच्या नावे निरनिराळे न नोंदवता ‘पक्षी’ या वरच्या गाठीच्या खाती एकदाच दाखल करायचे आणि कॅनरी ही पक्ष्याचा प्रकार एवढाच दुवा राखायचा, ही रॉस क्विलियन यांच्या अर्थजाळ्यातील (संकल्पनांच्या गाठी दुव्यांनी जोडणाऱ्या जाळ्यातील) काटकसर पाहिली की मला एखाद्या मुरलेल्या कारकुनाचे दप्तर आठवते. ‘कॅनरीला त्वचा असते काय?’ असे विचारताच अनुमान कॅनरीवरून पक्ष्याकडे, तेथून प्राण्याकडे चढते आणि तिथला गुण वारसाहक्काने खाली येतो. १९६९ साली ॲलन कॉलिन्स व क्विलियन यांनी माणसांच्या उत्तरांचा वेळ मोजला, तेव्हा दर पायरीस सुमारे ७५ मिलिसेकंद अधिक लागल्याचे दिसले. (पुढे ‘कुत्रा सस्तन आहे’ यापेक्षा ‘कुत्रा प्राणी आहे’ हेच लोकांना लवकर पटते असे आढळून या सुबक शिडीस तडा गेला.)

वारशाला अपवादही असतात: शहामृगाच्या गाठीवर ‘उडत नाही’ असा शेरा असतो, आणि जवळचा शेरा दूरचा नियम रद्द करतो. खरी पंचाईत निक्सन यांच्या प्रसिद्ध उदाहरणाची: क्वेकर म्हणून शांततावादी, रिपब्लिकन म्हणून तसे नव्हेत, आणि दोन्ही वारसे सारख्याच अंतरावरचे! येथे धाडसी पद्धती एक पक्ष उचलते. सावध पद्धती निकाल तहकूब ठेवते, आणि मला तीच अधिक प्रामाणिक वाटते.