नाशिकची सून, कांगड्याची माती

जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या आसपास, एखादा वाडा पाडला जाताना अजूनही दिसतो. सागवानी खांब आधी विकले जातात, मग भिंतींची माती ट्रॅक्टरमध्ये भरली जाते आणि त्या जागी सिमेंटची इमारत उभी राहते. मातीचे घर म्हणजे गरिबाचे घर, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. हे समीकरण ज्या बाईंनी आपल्या कामातून खोडून काढले, त्या याच नाशकात सुमारे दहा वर्षे एकत्र कुटुंबात सून म्हणून नांदल्या होत्या.

त्या म्हणजे दीदी कॉन्ट्रॅक्टर. माहेरच्या डेलिया किन्झिंगर, जन्म १९२९ चा, अमेरिकेतला. वडील जर्मन चित्रकार, आईही चित्रकार. अकराव्या वर्षी फ्रँक लॉईड राइट यांचे व्याख्यान ऐकले आणि घरे बांधण्याची ओढ लागली; शिक्षण मात्र झाले चित्रकलेचे. अमेरिकेत स्थापत्य शिकायला आलेल्या नारायण कॉन्ट्रॅक्टर या गुजराती तरुणाशी लग्न करून त्या १९५१ मध्ये नाशिकला आल्या. पुढे मुंबईत जुहूला राहिल्या, उदयपूरच्या लेक पॅलेसच्या सजावटीचे काम केले आणि सत्तरच्या दशकात हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गेल्या.

खरे काम सुरू झाले ते उतारवयात. आपल्याकडे ज्या वयात निवृत्तीचा सत्कार होतो, त्या वयात! वास्तुविशारदाची पदवी नव्हती. राहते घर हेच ऑफिस. कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि गावातल्या गवंड्यांना बरोबर घेऊन बांधायचे. शिकायला येणारे तरुण वास्तुविशारद हाताखाली काम करीत. सिद्धबाडीचा ‘निष्ठा’ दवाखाना, बीडचे ‘धर्मालय’, कंडबाडीचे ‘संभावना’ ही त्यांची कामे. साहित्य आसपासचेच : नदीतला दगड, उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, बांबू, छपराला स्लेट. खोलीत उजेड कुठून यावा आणि जिना कसा चढावा, यावर त्या फार विचार करीत.

पण मातीचे कौतुक करताना आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. कांगड्यानेही १९०५ चा भूकंप सोसला आहे. तेव्हा सुमारे वीस हजार माणसे गेली. तेव्हा ही भीती खोटी म्हणता येणार नाही. तरीही माझ्या मते दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतींना बांधून धरणारा पट्टा नसणे आणि डोक्यावर नको तेवढा भार असणे, हेही तितकेच घातक. आपल्या वाड्यांत छपराचा भार बराचसा लाकडी सांगाड्यावर असे, ते उगाच नव्हे.

दुसऱ्या बाजूला सिमेंटचा हिशेब आहे. त्याची भट्टी १४५० अंशांच्या आसपास तापवावी लागते आणि जगातल्या कार्बन वायूच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. उन्हात वाळलेल्या विटेला भट्टीच लागत नाही.

२०१९ मध्ये दीदींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. जुलै २०२१ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. त्यांनी बांधलेले घर उद्या उतरवावे लागले, तर ती माती भिजवून पुन्हा विटा पाडता येतील. सराफ बाजारातून निघालेला ट्रॅक्टर मात्र कुठेतरी भराव टाकायला जातो.