उपवासकाळानंतर मद्याचे जुने माप का चालत नाही?

रायगड किनाऱ्यावरील कोर्लई, रेवदंडा, अलिबाग या परिसरातील अनेक ख्रिस्ती बांधव उपवासकाळात मद्य वर्ज्य करतात. राखेच्या बुधवारपासून पाळलेला हा त्याग स्तुत्यच होय. परंतु ईस्टरनंतर लग्नसराई सुरू होते आणि हात पुन्हा जुन्या मापाकडे वळतो. धोका नेमका येथेच आहे.

‘मला दारू पचते’ असे जो म्हणतो, त्याच्या शरीरात दोन बदल झालेले असतात. मद्य मेंदूचे कार्य मंदावते, म्हणून नित्य पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवू लागतो. यकृतातील मद्याचे विघटन करणारी काही एन्झाइमेही वाढतात. त्यामुळे तेवढ्याच मद्याची झिंग कमी जाणवते. यकृताची हानी मात्र चालूच राहते.

मद्यपान थांबले की ही वाढलेली एन्झाइमे घटू लागतात आणि मेंदूही हळूहळू पूर्वपदावर येतो. ४० दिवसांनंतर त्याच मापाने तोल, दृष्टी आणि विवेक लवकर ढळतात. मद्य सोसेनासे होणे हे दुर्बलतेचे लक्षण नसून शरीर सावरल्याची खूण आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यालगतच्या वळणांवर दुचाकी चालवणाऱ्याच्या किंवा रात्री होडीवर चढणाऱ्या कोळी बांधवाच्या जिवावर ‘पूर्वी एवढे चालायचे’ हा हिशेब बेतू शकतो. लग्नघरच्या यजमानांनीही आग्रह करू नये.

मात्र जे दररोज भरपूर पितात, त्यांनी एकाएकी दारू सोडणेही धोक्याचे आहे. पहिल्या काही दिवसांत कंप, आकडी व भ्रम उद्भवू शकतात. त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेली कृपा फाउंडेशन व्यसनाधीनांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना आधार देते.

मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. तेव्हा ज्यांना ४० दिवस मद्यावाचून राहणे साधले, त्यांनी ४१व्या दिवशी जुन्या पेल्याकडे परतण्याची घाई का करावी? शरीराला लाभलेला हा विसावा पुढेही चालू ठेवणे हेच हिताचे आहे.