आज काम आहे, उद्याचं काय?

घरपोच सामान आणून देणाऱ्या दादाला सुट्टी कधी असते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

त्याला हवी तेव्हा! मोबाइलवरचं ॲप बंद केलं की झाली सुट्टी. साहेबाकडे अर्ज नको की विनवण्या नकोत. कॉलेज सांभाळूनही असं काम करता येतं. याला म्हणतात लवचिक रोजगार. छान वाटतं ना?

पण थांबा! सुट्टी घेतली की त्या दिवसाची कमाईही बुडते. समजा, एका फेरीचे 40 रुपये मिळतात आणि दिवसभरात 20 फेऱ्या होतात. झाले 800 रुपये. त्यातून पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची. ताप आला, तर कमाई शून्य, वर औषधांचा खर्च! कायम नोकरीत मिळणारी पगारी रजा इथे सहसा नसते. अशा कामगारांना 'गिग कामगार' म्हणतात. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार, 2020-21 मध्ये देशात ते सुमारे 77 लाख होते.

मग लवचिक काम म्हटलं की आधार नाहीच का? तसं मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्राने यावर फार पूर्वीच तोड काढली होती, बरं का!

डोक्यावर, पाठीवर ओझी वाहणारे माथाडी कामगार तुम्ही बाजारात पाहिले असतील. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या. मग त्यांची जबाबदारी घेणार कोण? अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळं स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, शिवाय 'लेव्ही' म्हणून ठरावीक जादा रक्कमही द्यायची. त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, रजेचा पगार आणि औषधोपचार मिळतात. मालक दहा असोत, हिशेब एकाच ठिकाणी!

राजस्थानने 2023 मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला. त्यातही कामगारांची नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क आहे.

मोठेपणी तुम्हीही कदाचित असं काम कराल. तेव्हा "पैसे किती मिळणार?" हे जरूर विचारा. पण त्याच दमात दुसरा प्रश्नही विचारा, "आजारी पडलो तर काय?"