शाल-श्रीफळाच्या पलीकडे

कुठल्याही संस्थेचा वार्षिक कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. मंचावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि दोन-तीन मोठे देणगीदार बसलेले असतात. त्यांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ मिळतो. मंचाच्या कडेला तबक धरून एक मुलगी उभी असते आणि सभागृहाच्या अगदी मागे एक काका खुर्च्या कमी पडतायत का ते पाहत असतात. या काकांनीच दीड-दोन महिने पावतीपुस्तक घेऊन गल्लीगल्लीतले जिने चढलेले असतात. कुणी ‘उद्या या’ म्हटलं, कुणी दार उघडलंच नाही, कुणी गेल्या वर्षीचा हिशेब उभ्या-उभ्या विचारला. शेवटी आभारप्रदर्शनात त्यांची बोळवण ‘ज्ञात-अज्ञात सर्व कार्यकर्ते’ एवढ्या तीन शब्दांत होते. अज्ञात कसले? गावातल्या प्रत्येक घराला ते ठाऊक असतात. फक्त संस्थेला नसतात.

आमच्या ग्वाल्हेरला वर्गणीला ‘चंदा’ म्हणायची पद्धत आहे. इथल्या मराठी घरांतही ‘चंदा मागायला आलेत’ असंच म्हणतात, आणि त्या म्हणण्यात जरा नाराजीची छटा असते. त्याचं एक कारण मला इतिहासात दिसतं. हे शहर राजाश्रयावर वाढलं. गाणं म्हणा, शिक्षण म्हणा, देवळं म्हणा, दरबाराकडे बोट दाखवलं की काम होत असे. १९१८ साली पं. भातखंड्यांनी इथे माधव संगीत विद्यालय उभं केलं तेव्हा पाठीशी माधवराव शिंदे महाराज होते. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि हात पसरायची सवय नसलेल्या समाजाला एकदम आपल्या संस्था आपण चालवायची वेळ आली. तरी लोकांनी ते केलं. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. एवढ्या पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय नुसत्या भाषणांनी होत नसते. कुणीतरी घरोघर गेलं असणारच. अध्यक्षांचं नाव सगळ्यांना पाठ आहे, त्या घरोघर गेलेल्यांची यादी मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. आपली भाषा जिथे सरकारची भाषा नाही, तिथे वाचनालय, गणेशोत्सव, मुलांची मराठी शाळा हे सगळं वर्गणीवर आणि वर्गणी मागणाऱ्यांवर टिकतं. आणि हे मागणारे आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याहून दूर. नवीन माणसं का येत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक बैठकीत होते. आलेली माणसं का टिकत नाहीत, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक जुनी बाई आठवते. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, देवरुखच्या जोशी घराण्यातला. लहानपणी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा, केशवपन झालेलं. त्यांची बहीण गोदूबाई बालविधवा. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. या बहिणीमुळे पार्वतीबाई पुण्यात आल्या, मोठ्या वयात पाटी हातात घेतली, शिकल्या, आणि १८९६ साली निघालेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामात पडल्या. हा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. शारदा सदन कुणाच्या पैशावर निघालं? रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि गावोगावच्या बायकांनी छोटी मंडळं काढून दहा वर्षं दरसाल निदान एक डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत सदन उघडलं. तिकडच्या कुणा बाईनं शेजारणीकडून मागून आणलेला तो डॉलर शेवटी देवरुखच्या एका विधवा मुलीच्या पुस्तकात आला. तिच्या मागोमाग तिची बहीण आली, आणि पुढे ती बहीणच मागायला निघाली. मागण्याच्या कामाला वंशावळ असते, ती अशी.

कर्वे स्वतः मागण्यात पटाईत होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, हिंगण्याहून पायी ये-जा करायची आणि सुट्टी लागली की आश्रमासाठी फिरायचं. भिडस्त माणूस, वक्तृत्व बेताचंच, पण पै-पैचा हिशेब. आणखी एक दूरदृष्टी त्यांच्यापाशी होती. त्यांनी स्वतः पुनर्विवाह केला होता, तरी पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रमाचं शिक्षणकार्य त्यांनी वेगळं ठेवलं. पुनर्विवाह न पटणाऱ्या माणसालाही विधवेच्या शिक्षणासाठी चार रुपये देता आले पाहिजेत, हा त्यातला हिशेब. आजच्या भाषेत याला ‘देणगीदाराला ओळखणं’ म्हणतात आणि त्यावर शिबिरं घेतात.

अशा संस्थेत पार्वतीबाईंना मागायचं काम मिळालं. गावोगाव जायचं, सभेत उभं राहून बोलायचं, आश्रमाची माहिती सांगायची, मग निधी मागायचा. ज्या काळात विधवेनं ओटीवर येणंही लोकांना खपत नसे, त्या काळात एका सोवळ्या विधवेनं परगावच्या सभेत बोलणं म्हणजे काय हे आज कल्पनेनंच जाणायचं. माझा असा अंदाज आहे की सुरुवातीला त्यांच्या त्या वेशाचाच उपयोग झाला असेल. जुन्या वळणाच्या घरातली सासू अशा बाईला आत घेते, पाट देते, तिचं ऐकून घेते. म्हणूनच १९१२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन सोडायचं ठरवलं हे मला फार धाडसाचं वाटतं. ज्या रूपावर लोकांचा विश्वास बसला होता, तेच रूप त्यांनी टाकलं. तरी मागणं थांबवलं नाही, आणि संस्थेनंही त्यांना घरी बसवलं नाही.

मग १९१८ साल. पार्वतीबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. इंग्रजी जेमतेम, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्या अमेरिकेला निघाल्या: इंग्रजी शिकायला, जग पाहायला आणि जमल्यास संस्थेसाठी मदत मिळवायला. तिथे पैशाची चणचण, आजारपण, भाषेची अडचण. परक्या घरांत धुणीभांडी, झाडलोट करून त्यांनी पोट भरलं. भाषा थोडी जमल्यावर लोकांसमोर बोलल्या. १९२० मध्ये परत आल्या आणि पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. हे सगळं त्यांनी ‘माझी कहाणी’ या १९२८ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्याचा जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

या बाईंचं कौतुक कसं झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या कामाची पोच त्यांना त्याहून मोठ्या कामातून मिळत गेली. आधी पाटी, मग शिकवणं, मग सभा, मग दौरे, मग समुद्रापार. मोठ्या वयात अक्षरओळख झालेल्या बाईला ‘तुम्हाला काय येणार’ असं तिथे कुणी म्हटलं नाही. निदान म्हणून थांबवलं तरी नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. ज्यानं यंदा शंभर घरं केली, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा तीच शंभर घरं. दहा वर्षांनीही तेच पावतीपुस्तक आणि तोच मोहल्ला. निधी कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीला त्याला बोलावणंही नाही. मग तो एक दिवस ‘गुडघे दुखतात’ म्हणून यायचा थांबतो. गुडघे खरंच दुखत असतात, पण तेवढंच कारण नसतं.

१९२० मध्येच आणखी एक घटना घडली. कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव विद्यापीठाला लागलं. एस.एन.डी.टी. ही अक्षरं आज सगळ्यांना माहीत आहेत. त्यात वावगं काही नाही. पंधरा लाख त्या काळी केवढी रक्कम! पण त्याआधीची वीस-बावीस वर्षं चार-चार, आठ-आठ आण्यांनी हे काम जिवंत राहिलं होतं म्हणून पंधरा लाख द्यायला काहीतरी समोर उभं होतं. मोठा देणगीदार नेहमी चालत्या गाडीत बसतो. गाडी ढकलणारे आधीचे असतात.

ही छोट्या रकमांची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे या शाळामास्तरांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ काढला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायका दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. रक्कम लहान असली की मागणारे पुष्कळ लागतात, आणि पुष्कळ माणसं सांभाळणं हीच खरी कसोटी असते.

आता ही विद्या शिकता येते का? येते. अमेरिकेत निधी उभारणाऱ्यांची स्वतंत्र संघटना १९६० पासून आहे, त्यांच्या परीक्षा आहेत, आचारसंहिता आहे. त्यातला एक नियम मला आपल्याकडेही हवासा वाटतो: निधी गोळा करणाऱ्याला पगार द्या, पण जमवलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ नका. टक्केवारी आली की मागणाऱ्याच्या डोळ्यांत घर दिसत नाही, आकडा दिसतो. मात्र ‘समाजकार्याला पगार कशाला?’ असं नाक मुरडणाऱ्यांशीही मी सहमत नाही. वर्षभर हिशेब, पत्रव्यवहार, कंपन्यांकडचे अर्ज पाहणारा माणूस उपाशीपोटी राबावा अशी अपेक्षा सुखवस्तू पदाधिकारीच करू शकतात. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा मिळवायला प्रस्ताव लिहिता यावा लागतो, झालेल्या कामाचा अहवाल वेळेवर द्यावा लागतो. आयकराचे नियमही बदलले. करसवलतीसाठी दोन हजारांच्या वरची रोख देणगी चालत नाही, आणि सवलतपात्र संस्थेला देणगीदारांचा तपशील दरवर्षी खात्याकडे भरावा लागतो. हे काकांना कुणीतरी समजावून सांगितलं पाहिजे. नाहीतर दारात एखाद्या सी.ए.नं प्रश्न विचारला की ते बिचारे खजील होऊन परततात आणि पुढच्या वर्षी ते दार टाळतात.

महाविद्यालयात शिकवताना राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं जवळून पाहायला मिळतात. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर. पुष्कळ मुलं प्रमाणपत्रासाठी येतात, हे खरं. त्यात मला गैर वाटत नाही. प्रमाणपत्र ही त्यांची गरज आहे आणि गरज पुरवणं हाही आदरच. पण कागद घेऊन झाल्यावरही जी मुलं येत राहतात, त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. त्यांना कुणीतरी नावानं हाक मारलेली असते. ‘रोपं तू लावलीस ना, त्यातली किती जगली बघून ये,’ असं त्यांना कुणी सांगितलेलं असतं. नुसतं ‘छान काम केलंत मुलांनो’ म्हटल्यानं कुणी परत येत नाही.

गणपतीची पावतीपुस्तकं वाटायची बैठक आता बहुतेक ठिकाणी लागेलच. तेव्हा प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याबरोबर एक नवं पोरगं जोडून द्यावं. पोरगं मोबाइलवरून पैसे घेण्याचा कोड दाखवील, काका कुठल्या घरी किती वेळ बसायचं आणि कुठे पाणी नको म्हणायचं नाही ते दाखवतील. रोज संध्याकाळी कुणी काय विचारलं ते एका वहीत लिहून घ्यावं, कारण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला तीच वही सगळ्यात उपयोगी पडेल. आणि वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीसमोरच्या पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात, कुणी किती घरं केली तेही छापावं. एक पान जास्त लागेल. छपाईचा खर्च काका जमवून आणतील.