क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरीही

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण त्यात ठळक अक्षरांत काही छापलंय का, एवढंच बघतात. ठळक काही नसलं की कागदाची घडी पिशवीत जाते. किडनीच्या बाबतीत एवढं बघून भागत नाही. क्रिएटिनिनचा आकडा लॅबने छापलेल्या मर्यादेत असतानाच किडनीचं जवळजवळ निम्मं काम थांबलेलं असू शकतं, आणि त्या माणसाला कुठे काही दुखत-खुपत नसतं. असं का होतं ते कळण्यासाठी किडनी मुळात काय करते तिथून सुरुवात करू.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. त्यातलं लिटरभर रक्त या दोघींकडेच जातं, कारण ते गाळायचं असतं. प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख नेफ्रॉन असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिबारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. या वाहिन्यांच्या भिंती चाळणीचं काम करतात. पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन पलीकडे जातं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं अलीकडेच राहतात. दिवसाला असं जवळपास 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं पुढच्या नळीतून रक्तात परत घेतलं जातं. किती मीठ ठेवायचं, किती पोटॅशियम टाकायचं, किती आम्ल बाहेर काढायचं, हे तिथे ठरतं. याशिवाय रक्त तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला देणारं संप्रेरक किडनीत बनतं आणि ड जीवनसत्त्व कामाला लागतं तेही इथेच. म्हणूनच जुन्या किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन उतरतं, हाडं कमकुवत होतात आणि बीपी चढतो.

मेलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही. त्याचं काम शेजारचे वाटून घेतात. निरोगी माणसाने एक किडनी दान केली तरी तो चांगला जगतो, ते याच बळावर. पण नेफ्रॉन मरण्याचं मूळ कारण चालूच राहिलं, तर उरलेल्यांवर दाब वाढत जातो आणि तेही झिजतात. आपल्याकडे हे कारण बहुतेक वेळा मधुमेह असतो, नाहीतर बीपी. मुतखड्याची कळ माणसाला रात्री अडीचला दवाखान्यात धावायला लावते. ही झीज मात्र अजिबात दुखत नाही. पायांवर सूज, तोंडाला चव नसणं, मळमळ, अंगाला खाज, दम लागणं ही लक्षणं बऱ्याचदा अगदी उशिरा येतात.

आता रिपोर्ट. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनीने गाळणं कमी केलं की तो रक्तात साचतो. पण तो किती तयार होतो हे अंगातल्या स्नायूंवर अवलंबून असतं. व्यायाम करणाऱ्या 25 वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन 1.2 आलं आणि 65 वर्षांच्या त्याच्या आजीचंही 1.2 आलं, तर कागदावर दोघं सारखी दिसतात. वय आणि लिंग धरून हिशेब केला की मुलाची गाळण्याची क्षमता येते 86 च्या आसपास आणि आजीची 50. या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात याचा तो अंदाज असतो. 90 च्या वर असेल तर उत्तम. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा दीर्घ आजार धरतात. 30 च्या खाली गेलेल्या माणसाला किडनीच्या डॉक्टरांची नियमित देखरेख हवीच. बऱ्याच लॅब आता ईजीएफआर छापतात. छापला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या आणि जुन्या कागदांशेजारी ठेवून बघा. एका आकड्यापेक्षा तो दोन-तीन वर्षांत किती घसरला, यातून जास्त कळतं. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका.

दुसरी तपासणी लघवीची, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित तीच. चाळणीला इजा व्हायला लागली की अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागतं, आणि मधुमेहात हे अनेकदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडतं. नेहमीच्या ‘युरिन रुटीन’मध्ये ही सुरुवातीची गळती सहज निसटते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, असं नाव घेऊन तपासणी मागावी लागते. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना सर्वांत चांगला. 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झालेली, 300 च्या वर म्हणजे जोरात. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही आकडा वाढतो, त्यामुळे एकदा जास्त आला तर घाबरून न जाता पुन्हा करून खात्री करतात. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झालेल्या वर्षापासून दरवर्षी दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात. बीपीवाल्यांनी, आणि ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना किडनीचा आजार आहे त्यांनीही त्या करून घ्याव्यात.

गळती सापडली म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नाही. सांगण्यासारखी खरी गोष्ट इथेच आहे. ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि नेणारी एक. मधुमेहात आणणारी सैल पडते, नेणारी आवळलेली राहते, आणि मधल्या चाळणीवर दाब वाढतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटांतल्या बीपीच्या गोळ्या नेणारी वाहिनी सैल करतात आणि चाळणीवरचा दाब उतरतो. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात आणि रक्त पुन्हा तपासतात. कित्येक जण हा वाढलेला आकडा बघून ‘गोळीने किडनी खराब केली’ म्हणत ती स्वतःच्या मनाने बंद करतात. असं करू नका, आधी विचारा. दुसरा गट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा. साखर लघवीवाटे बाहेर काढण्यासाठी आलेली ही औषधं आणणाऱ्या वाहिनीचा सैलपणा कमी करतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या डॅपा-सीकेडी या चाचणीत दिसलं की मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही त्यांचा फायदा होतो. भारतात आता त्यांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. बीपी साधारण 130/80 च्या खाली, साखर आटोक्यात आणि या गोळ्या, एवढ्यावर डायलिसिस वर्षानुवर्षं पुढे ढकलता येतं.

याच दोन वाहिन्यांमुळे दुखण्याच्या गोळ्या घातक ठरतात. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आणणारी वाहिनी मुद्दाम उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक नेमकी तीच सोय काढून घेतात. उन्हात दिवसभर ऊसतोडणी किंवा कापूसवेचणी करून कंबर धरलेली बाई संध्याकाळी मेडिकलमधून दोन गोळ्या घेते, घोटभर पाण्यासोबत गिळते आणि सकाळी पुन्हा फडात जाते. वयाबरोबर तिला बीपीची गोळी सुरू झालेली असते, कधी लघवी जास्त होण्याची गोळीही. ही तिन्ही औषधं आणि आटलेलं अंग एकत्र आलं की किडनी काही दिवसांत कोलमडू शकते. किडनीचा त्रास असलेल्यांनी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच घ्यावं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर आपल्या गोळ्यांपैकी कोणत्या तेवढे दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावं.

विकत घेतलेली आणखी एक गोष्ट तपासून बघा, गोरं करणारी क्रीम. पारा घातलेल्या अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या लघवीतून प्रथिनं वाहू लागल्याची प्रकरणं केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये उजेडात आली. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेली क्रीम चेहऱ्याला लावूच नका. कोणत्या धातूचं किती भस्म आहे हे न लिहिलेल्या पुड्यांनाही हाच नियम.

खाण्यापिण्यात पहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी सगळं आलं. पण किडनी कमजोर असताना ‘लो सोडियम’ मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि रक्तात साचलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. नारळपाणी, केळी, सुकामेवा यांवरची बंधनं आजार पुढे गेल्यावरची, पोटॅशियमच्या रिपोर्टप्रमाणे ठरणारी. सगळ्यांनी ती आपल्यावर लादून घेऊ नयेत. कमरख, म्हणजे बाजारात मिळणारं स्टार फ्रूट, मात्र किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर न पडता मेंदूवर परिणाम करतं. पाण्याबद्दल तर बरेच गैरसमज आहेत. मुतखडा होणाऱ्याने दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, हे खरं. पण चार-पाच लिटर पाण्याने झिजलेली किडनी ‘साफ’ होत नाही, आणि लघवी कमी झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत तेच पाणी भरतं.

ईजीएफआर 20 च्या आसपास आला की पुढची तयारी वेळेवर करावी. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तो वापरण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात, म्हणून ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपायच्या. रक्त काढताना, सलाइन लावताना दुसरा हात पुढे करायचा आणि नर्सला तसं सांगायचं. घरात दाता तयार असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपण करता येतं, त्याचे निकालही चांगले असतात. दाता नसेल तर मेंदूमृत व्यक्तीच्या किडनीसाठी प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत, प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत, नाव नोंदवावं लागतं. महाराष्ट्रात अशी विभागीय केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून, पहिल्या सत्राआधीच त्याची विचारणा करावी.